चिनी शिकायची? मग मराठीचा हात धरा!

आपल्यापैकी बहुतेकांचा चीनशी येणारा संबंध संध्याकाळी गेटबाहेर लागणाऱ्या 'चायनीज'च्या गाडीवर सुरू होतो आणि शेजवान चटणीच्या दुसऱ्या चमच्याला संपतो. (तिथली चायनीज भेळ एखाद्या खऱ्या चिनी माणसाला खायला दिली तर हा पदार्थ कुठल्या देशाचा, असं तो आपल्यालाच विचारेल, हा भाग वेगळा!) दुसरा संबंध लॅबमधला. मिनी प्रोजेक्टचा डबा उघडा... सेन्सर, मोटर ड्रायव्हर, जंपर वायरी, चार्जिंगची पिटुकली पट्टी. यातलं बरंचसं सामान चीनमधून आलेलं असतं. पाकिटावर चार ओळी छापलेल्या असतात, पण त्या आपण वाचत नाही. पाकीट फाडतो, कचऱ्यात टाकतो आणि पिन कुठली ते सीनियरला विचारतो.

गेलं वर्षभर मी प्राथमिक मँडरिन शिकतोय. रात्री जेवणानंतर कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत 'मा, मा, मा, मा' असं पुटपुटणारा प्राणी तुम्ही पाहिला असेल, तर तो मीच. त्यामुळे हल्ली मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. "लई अवघड असतं ना रे?" "पॅकेज वाढतं का त्यानं?" आणि "मोबाइल आहे की, शिकायचं कशाला?" तिन्हींची उत्तरं एकदाच लिहून टाकावीत म्हणून हा लेखप्रपंच. माझं मत आधीच सांगतो. आपण इंजिनीअरिंगच्या मुलामुलींनी मँडरिन थोडीशीच शिकावी, पण अक्षरांसकट शिकावी, आणि शिकताना इंग्रजीचं बोट सोडून मराठीचा हात धरावा.

पहिला प्रश्न अवघडपणाचा. नवशिक्यांसाठीची आपल्या हाती येणारी पुस्तकं बहुतेक इंग्रजीतून लिहिलेली असतात. 'ही भाषा तुम्हाला विचित्र वाटेल, पण घाबरू नका' असा त्यांचा सूर असतो. अहो, इंग्रजाला वाटेल विचित्र! आपल्याला का वाटावी? चिनीत प्रश्न विचारायचा तर सरळ वाक्याच्या शेवटी 'मा' लावतात. मराठीत आपण 'का' लावतो. 'नी लाय मा?' म्हणजे 'तू येतोस का?' संपलं! इंग्रजीसारखी शब्दांची उलथापालथ नाही. आपण आदराने 'तुम्ही' म्हणतो, तसं तिथे 'नी'चं 'निन' होतं. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक आहे, म्हणजे समोरच्याला धरून की सोडून. इंग्रजीच्या 'वी'ला हा भेद कळत नाही. चिनीत मात्र 'वोमन'च्या जोडीला, समोरच्याला धरून बोलायला, 'त्सानमन' आहे. काका वेगळा, मामा वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी, हेही तिथे आपल्यासारखंच. उलट काका वडिलांपेक्षा मोठा की धाकटा, यावरूनही शब्द बदलतो. आणि ओळखीचा माणूस भेटल्यावर जुन्या पद्धतीने काय विचारायचं? 'छ्र ल मा?' म्हणजे 'जेवलास का?' हे वाक्य ज्या भाषेत नमस्काराच्या जागी चालतं, ती भाषा मराठी माणसाला परकी कशी?

व्याकरण तर इतकं साधं की आपल्याला लाज वाटावी. गेलो, गेलास, गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या... 'जाणे' या एका क्रियापदाने आपण परक्या माणसाचा किती छळ मांडतो बघा. चिनीत 'छ्यू' म्हणजे जाणे. मी गेलो तरी छ्यू, ती उद्या जाणार तरी छ्यू. काळ दाखवायला 'काल', 'उद्या' असे शब्द आहेत, आणि काम झालं हे सांगायला 'ल' नावाचा एक छोटा प्रत्यय. नामाला लिंग नाही. 'तो टेबल की ते टेबल' ही भांडणं नाहीत.

आकड्यांची गंमत तर आणखी पुढची. बारा म्हणजे 'दहा-दोन', त्रेपन्न म्हणजे 'पाच-दहा-तीन', नव्याण्णव म्हणजे 'नऊ-दहा-नऊ'. शून्य ते दहा पाठ केले की शंभराच्या आतलं सगळं आलं! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी संख्यावाचनाची जोडपद्धत आणली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता ते आठवतं ना? चिनी पोरं पहिल्यापासून असंच मोजतात. महिन्यांनाही नावं नाहीत, 'एक महिना, दोन महिना' असा हिशेब. फक्त मोठ्या संख्यांना जरा थांबावं लागतं, कारण त्यांचा टप्पा दहा हजाराचा. त्याला 'वान' म्हणतात. एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान.

नाही म्हणायला चिनीत मोजताना प्रत्येक वस्तूला तिचं परिमाण लावावं लागतं. 'तीन पुस्तकं' असं नुसतं म्हणता येत नाही. पुस्तकांना 'बांधणी'चा एक शब्द, कागद-टेबलासारख्या सपाट गोष्टींना दुसरा, लांबट गोष्टींना तिसरा. इंग्रजी पुस्तकं इथे दोन-दोन पानं स्पष्टीकरण देतात. आपल्या आईने बाजारातून 'मेथीची जुडी, केळ्यांचा घड, लसणाचा गड्डा' आणायला सांगितलेलं असतं, ते आठवा म्हणजे काम झालं. हं, एका ठिकाणी मराठी उपयोगी पडत नाही. चिनीत क्रियापद मध्ये येतं. 'मी पुस्तक वाचतो' असं नाही, 'मी वाचतो पुस्तक' असं. पण इंग्रजीमुळे तेवढी सवय आपल्याला आहेच.

आता उच्चार. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. (खरा उच्चार 'फिनयिन'च्या जवळचा, आणि का ते पुढे येतंच!) ११ फेब्रुवारी १९५८ रोजी चीनच्या संसदेने तिला मान्यता दिली. ती घडवणाऱ्यांत चोउ योउक्वांग या गृहस्थांचा मोठा वाटा. मूळचे अर्थशास्त्राचे, बँकेत नोकरी केलेले. २०१७ साली १११ वर्षं पूर्ण करून वारले. पिनयिन ही उत्तम सोय आहे, पण तिच्यातली रोमन अक्षरं इंग्रजीसारखी वाचायची नसतात, आणि आपण नेमकं तेच करतो. इंग्रजी 'बी'च्या जागी चिनी माणूस 'प' म्हणतो आणि 'पी'च्या जागी 'फ' म्हणतो. हा 'फ' दोन्ही ओठ मिटून म्हणायचा, आजीच्या 'फूल'मधला. 'डी' म्हणजे जवळपास 'त', 'टी' म्हणजे 'थ'. 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. म्हणजे आपल्या वर्णमालेतल्या प-फ, त-थ, क-ख या जोड्या! तोंडासमोर तळहात धरा. 'प' म्हणताना वारा लागत नाही, 'फ' म्हणताना लागतो. इंग्रजी माणसाला हा फरक शिकायला जड जातं. आपण तो बालवाडीतच शिकून बसलोय.

म्हणून आपण ज्याला 'बीजिंग' म्हणतो ते खरं 'पेइचिंग'. आणि आपले जुने मराठी लेखक 'माओ त्से तुंग' लिहीत, ते आजच्या 'माओ झेडाँग'पेक्षा मूळ उच्चाराला जवळचं आहे. अजून ऐका. पिनयिनमधलं 'झेड' म्हणजे आपला 'चोर', 'चूल', 'चाक' यांतला दंत्य च. हिंदीवाल्यांकडे तो नाही, आपल्याकडे आहे! आणि पिनयिनमधले 'एक्स' आणि 'एसएच' म्हणजे 'श' आणि 'ष'. शाळेत ज्या पोटफोड्या ष ला आपण 'हा कशाला दिलाय?' म्हणून शिव्या घातल्या, तो चिनीत जिवंत आहे. जीभ मागे वळवून म्हणा, बरोबर येईल. त्यामुळे माझी सूचना अशी, की पहिल्या महिन्यात वहीत प्रत्येक शब्दाखाली उच्चार देवनागरीत लिहा. महिन्यानंतर मात्र ही कुबडी टाकून द्या, कारण काही स्वर देवनागरीतही नीट बसत नाहीत. उदाहरणार्थ, ओठ 'उ'चे करून म्हटलेली 'ई'. ती कानानेच शिकावी लागते.

सूर हा मात्र खरा अवघड भाग, आणि तिथे सवलत नाही. मँडरिनमध्ये चार सूर आणि पाचवा एक हलका, बिनसुराचा. पहिला उंच आणि सपाट, तंबोऱ्यावर धरून ठेवल्यासारखा. दुसरा चढता, आश्चर्याने "काय?" म्हणतो तसा. तिसरा खाली दबून जाणारा, सकाळी आठच्या लेक्चरला उठवल्यावर निघणाऱ्या "हंऽऽ"सारखा. चौथा वरून खाली आदळणारा, "गप!" म्हणतो तसा. 'मा' पहिल्या सुरात म्हटलं तर आई, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिवी देणे. 'माय' तिसऱ्या सुरात म्हणजे विकत घेणे, चौथ्यात विकणे. पार्ट्स मागवताना एवढा फरक पुरे आहे! 'थांग' पहिल्या सुरात सूप आणि दुसऱ्या सुरात साखर. पुष्कळ जण 'सूर नंतर बघू, आधी शब्द पाठ करू' म्हणतात. माझा याला सक्त विरोध आहे. मराठीत 'कर' आणि 'घर' यांतलं व्यंजन नंतर बघू, असं आपण म्हणतो का? सूर हा शब्दाचाच भाग आहे, वरून शिंपडलेली कोथिंबीर नव्हे. वीस शब्द कमी शिका, पण शब्द सुरासकट शिका.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे अक्षरं. चिनी चिन्हांचा बाऊ फार केला जातो. १७१६ साली पुरा झालेल्या खांगशी शब्दकोशात ४७ हजारांवर चिन्हं आहेत, हे खरं. पण चीन सरकारच्या २०१३ च्या प्रमाण यादीत ८,१०५ आहेत, आणि त्यांतली रोजच्या वापराची पहिली पातळी ३,५०० ची. नवशिक्याला दोनशे आली तरी पुष्कळ. आणि ही चिन्हं म्हणजे मुंग्यांची रांग नाही, ते सर्किट आहे. ठरावीक सुटे भाग, पुन्हा पुन्हा वापरलेले. झाडाचं एक चिन्ह, दोन झाडं म्हणजे राई, तीन झाडं म्हणजे जंगल. पुष्कळ चिन्हांत एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. 'आई'च्या चिन्हात डावीकडे बाई, आणि उजवीकडे घोडा. घोडा कशाला? तर त्याचा उच्चार 'मा' आहे म्हणून!

केमिस्ट्रीवाल्यांनी तर यांची आवर्त सारणी बघावीच. बहुतेक धातूंच्या चिन्हांत 'धातू'चा भाग, वायूंच्या डोक्यावर 'वायू'चं छप्पर, आणि सिलिकॉन, कार्बन, गंधक यांच्यासारख्या घन अधातूंच्या डावीकडे 'दगड'. पारा आणि ब्रोमीन द्रव आहेत, म्हणून त्यांच्यात 'पाणी'. मूलद्रव्य स्थायू, द्रव की वायू हे नाव वाचतानाच कळतं. एफई वर्षातली पाठांतरं आठवून डोळ्यांत पाणी आलं माझ्या!

आपल्या शाखेचे शब्द घ्या. 'त्येन' म्हणजे वीज. त्याचं चिन्ह एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं सगळं उलगडत जातं. वीज-बोलणं म्हणजे टेलिफोन. वीज-मेंदू म्हणजे कॉम्प्युटर. वीज-शिडी म्हणजे लिफ्ट. वीज-सावली म्हणजे सिनेमा. वीज-तळं म्हणजे बॅटरी. वीज-अडथळा म्हणजे रोध, वीज-प्रवाह म्हणजे करंट, वीज-दाब म्हणजे व्होल्टेज. आणि 'उच्च दाब'? आपल्या वीज मंडळाच्या भाषेत 'उच्च दाब वाहिनी' असते, अगदी तसेच दोन शब्द चिनीत. रेल्वे म्हणजे 'आग-गाडी'. आपल्या आजोबांचा शब्द जशाच्या तसा! मराठी शब्द बनवणारे आणि चिनी शब्द बनवणारे यांचं डोकं किती सारखं चाललंय बघा. आपण मात्र 'विद्युतदाब' म्हटलं की हसतो.

आता परीक्षेबद्दल. एचएसके ही मँडरिनची अधिकृत परीक्षा. २०१० साली आलेल्या सहा पातळ्यांच्या पद्धतीत पहिल्या पातळीला १५० शब्द, दुसरीला ३००, तिसरीला ६००. २०२१ साली नऊ पातळ्यांचा नवा आराखडा जाहीर झाला. २०१० च्या पद्धतीत पहिल्या दोन पातळ्यांच्या पेपरात चिन्हांच्या जोडीला पिनयिनही छापलेलं असे. म्हणजे एकही चिन्ह नीट न वाचता दोन सर्टिफिकेटं मिळवण्याची सोय होती. रेझ्युमेवर ओळ वाढते, पण लॅबमधल्या पाकिटावरची ओळ न वाचलेलीच राहते. मग कशासाठी केला अट्टहास?

यावर लगेच येतो तो मोबाइलचा मुद्दा. कॅमेरा धरला की भाषांतर समोर. मान्य, मीही वापरतो. पण एक उदाहरण देतो. चिनी उपकरणांच्या स्विचवर दोन चिन्हं असतात, 'खाय' आणि 'क्वान'. शब्दशः अर्थ उघडणे आणि बंद करणे. दोन्ही जोडून लिहिलं की 'उघड-मीट', म्हणजेच स्विच. भाषांतराने पहिल्याचा अर्थ 'ओपन' दाखवला तर आपण काय समजू? ओपन सर्किट, म्हणजे करंट नाही. प्रत्यक्षात स्विचवरच्या 'खाय'चा अर्थ 'चालू'! अर्थ नेमका उलटा. यंत्र शब्द सांगतं, पण त्या शब्दावर विश्वास कधी ठेवायचा हे ज्याला थोडी भाषा येते त्यालाच कळतं. 'नको', 'नाही', 'मनाई', 'धन', 'ऋण' एवढी पाच-सात चिन्हं ओळखता आली तरी डेटाशीट वाचताना आपण आंधळे राहत नाही. २०१४ साली शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी८२६६ चिपचं छोटं वाय-फाय मॉड्यूल जगभरातल्या हौशी मंडळींच्या हातात पडलं. किंमत जेमतेम काही डॉलर, पण सोबतची माहिती जवळपास सगळी चिनीत. काही लोकांनी ती चिकाटीने वाचून काढली, भाषांतरं केली, आणि मग बाकीच्यांना ती चिप वापरता आली. आपण त्या 'बाकीच्यां'मध्ये होतो. पुढच्या वेळी आधी वाचणाऱ्यांत असायला काय हरकत आहे?

पॅकेजबद्दल खरं सांगतो. दीडशे शब्दांवर कुणी नोकरी देत नाही, आणि तसं सांगणाऱ्या क्लासच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका. रांजणगावला हायरचा कारखाना आहे, चाकणला सॅनीचा. अशा ठिकाणी भाषा जाणणाऱ्या इंजिनीअरचा उपयोग होतो, पण तो पुढच्या पातळीवर, दोन-तीन वर्षं घासल्यावर.

काही मित्र वेगळा आक्षेप घेतात. "ज्यांनी गलवानमध्ये आपले वीस जवान मारले त्यांची भाषा कशाला?" जून २०२० मधली ती घटना विसरण्यासारखी नाहीच. त्याच महिन्यात सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, जुलै २०२० च्या अंतिम धोरणात ती दिसली नाही. मला हा राग कळतो. पण रागाचं रूपांतर अडाणीपणात झालं तर नुकसान कुणाचं? ज्याच्याशी व्यवहार आहे त्याची भाषा यावी, आणि ज्याच्याशी वैर आहे त्याची तर आधी यावी. शेजारी काय लिहितो हे आपण तिसऱ्याच्या इंग्रजीतून किती दिवस वाचणार?

आणि चिनी शिकणारे मराठी लोक आपल्याआधी होऊन गेलेत. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट यांनी पाली विनयग्रंथाच्या टीकेचं चिनी रूपांतर अकिरा हिराकावा यांच्या सोबतीने इंग्रजीत आणलं. भांडारकर संस्थेने ते १९७० साली प्रसिद्ध केलं. त्याहून मोठं उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. युद्ध चालू होतं. जखमी सैनिकाला 'कुठे दुखतंय?' हे विचारायला दुभाषा किती वेळ शोधणार? ते चिनी शिकले. तिथल्याच एका परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं 'यिनह्वा'. यातला 'यिन' भारताचा आणि 'ह्वा' चीनचा. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच गेले. त्यांच्याकडे ना ॲप होतं, ना क्लास, ना आपल्यासारखा रिकामा वेळ. (आपल्याकडे वेळ नसतो असं म्हणणाऱ्यांनी मॅचच्या दिवशी टीव्ही रूममध्ये डोकावून यावं.)

तेव्हा एका सेमिस्टरची योजना सुचवतो. रोज अर्धा तास, एकट्याने नाही, तिघा-चौघांनी मिळून. पहिले दोन आठवडे नुसते उच्चार आणि सूर, मोठ्याने. रूममेटचा आक्षेप असेल तर गच्ची आहे. मग रोज दोन शब्द आणि दोन चिन्हं, हाताने लिहून. आडवी रेघ उभीच्या आधी, वरचं खालच्याआधी, डावं उजव्याआधी, हा क्रम पाळायचा. सेमिस्टरअखेर दीडशे शब्द आणि दीडशे चिन्हं होतात, सबमिशनचे पंधरा दिवस वजा करूनसुद्धा!

आणि सर-मॅडमना एक विनंती. लॅबच्या भिंतीवर जिथे सेफ्टीचा तक्ता आहे, त्याच्या शेजारी वीस चिनी चिन्हांचा एक तक्ता लावू या. चालू, बंद, धन, ऋण, दाब, प्रवाह, रोध, मनाई, उच्च दाब... आणि प्रत्येकासमोर मराठी शब्द. एका ड्रॉइंग शीटचा खर्च आहे. शीट मी आणतो, चिन्हंही मीच काढून देतो. भिंतीवरची जागा तेवढी द्या.

- तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन